कपिलाषष्ठीचा योग येतो कधी?

चार भावंडांची चार गावं. सणाला एक आला तर दुसऱ्याला रजा नसते, दुसऱ्याला रजा मिळाली तर तिसरीच्या मुलांच्या परीक्षा असतात. मग एखाद्या वर्षी, कुणी काही ठरवलेलं नसताना, चौघंही एकाच पंगतीला बसतात आणि घरातलं थोरलं माणूस वाढता वाढता म्हणतं, “आज कपिलाषष्ठीचा योग आला म्हणायचा!” अर्थ सगळ्यांना कळतो. फार दुर्मीळ, फार भाग्याची, आपल्या हातात नसलेली वेळ. देवानंच जुळवून आणलेली वेळ.

पण ही कपिलाषष्ठी असते कधी? तिच्यात जुळतं ते काय? ती शेवटची कोणी पाहिली? वाक्प्रचार रोजचा असला तरी हे प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाहीत. येतात तेव्हा मात्र माणूस थक्क होतो. या शब्दामागे एक खराखुरा दिवस आहे. त्याचे निकष ठरलेले आहेत, ते आकाशात मोजता येतात, आणि मोजायला बसलं की नवल ओसरत नाही, उलट वाढत जातं.

सहा अंगं

जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि दुसरी, मोठी, १८५७ साली. त्या कोशात कपिलाषष्ठीच्या योगाची सहा अंगं दिली आहेत. महिना भाद्रपद. तिथी वद्य षष्ठी. वार मंगळवार. चंद्राचं नक्षत्र रोहिणी. योग व्यतीपात. आणि महानक्षत्र, म्हणजे सूर्याचं नक्षत्र, हस्त. या सहाही गोष्टी एकाच वेळी हजर असल्या तर ती साधी षष्ठी राहत नाही, कपिलाषष्ठी होते.

कपिला म्हणजे पिंगट, तांबूस झाक असलेली गाय. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या दिवशी सूर्याची पूजा आणि कपिला गाईचं दान सांगितलं आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांची लांबलचक सूची दिली आहे, तिच्यातही हे व्रत आहे. दान मोठं, आणि ते करण्याची संधी त्याहून मोठी. व्रत करणारी माणसं विरळ झाली, कपिला गाईही विरळ झाल्या. वाक्प्रचार मात्र टिकला.

याहून साधे तीन योग आपल्या ओळखीचे आहेत. अंगारकी म्हणजे संकष्टी चतुर्थी आणि मंगळवार. गुरुपुष्यामृत म्हणजे गुरुवार आणि पुष्य नक्षत्र. सोमवती म्हणजे सोमवार आणि अमावास्या. हे सगळे दोन-दोन गोष्टींचे योग आहेत, त्यामुळे ते वरचेवर भेटतात. संकष्टी वर्षातून बारा-तेरा वेळा येते आणि वार सात आहेत, म्हणून अंगारकी सरासरीनं वर्षाकाठी एक-दोनदा पडते. गुरुपुष्य वर्षातून दोन-चारदा येतो आणि सराफाच्या दुकानात गर्दी होते. दोनाच्या जागी सहा गोष्टी जुळायला हव्यात म्हटलं की काय होतं, ते पाहण्यासाठी पंचांगात थोडं खोल उतरावं लागतं.

वजाबाकी आणि बेरीज

पंचांगाची पाच अंगं म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात छापलेले हे शब्द म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्या जागांची मोजमापं आहेत. आकाशातला त्यांचा मार्ग ३६० अंशांचा धरायचा, मेष राशीच्या आरंभापासून मोजायला लागायचं, आणि दोघं किती अंशांवर आहेत ते पाहायचं.

नक्षत्र म्हणजे चंद्राची जागा. ३६० अंशांचे २७ सारखे भाग केले की एकेक भाग १३ अंश २० कलांचा होतो. चंद्र त्यातला एक भाग साधारण एका दिवसात ओलांडतो. सूर्यालाही हेच २७ भाग चालावे लागतात, पण त्याला एका भागाला तेरा-चौदा दिवस लागतात. सूर्याची ही नक्षत्रं आपला शेतकरी पाठ म्हणून दाखवतो: मृगाचा पाऊस, आर्द्रा, मघा, आणि पावसाळ्याच्या शेवटी गडगडत येणारा हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस. पाटावर हत्ती काढून मुली ज्याच्याभोवती फेर धरतात तो हादगा, म्हणजे भोंडलाही, याच हस्त नक्षत्राचा. सूर्य हस्तात असतो तो सप्टेंबरच्या अखेरीपासून १० ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत. म्हणजे कपिलाषष्ठी यायची तर या दोन आठवड्यांतच यायची.

तिथी ही वजाबाकी आहे. चंद्राच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करायचे. दर बारा अंशांना एक तिथी संपते. चंद्र सूर्याच्या २४० ते २५२ अंश पुढे असतो तेव्हा वद्य षष्ठी असते.

आणि योग ही बेरीज आहे. विष्कंभापासून वैधृतीपर्यंतचे जे २७ योग पंचांगात छापतात, ते सूर्य आणि चंद्र यांच्या अंशांची बेरीज करून काढलेले असतात. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करायचे आणि उरलेल्याचे पुन्हा १३ अंश २० कलांचे भाग पाडायचे. सतरावा भाग व्यतीपात. तो २१३ अंश २० कलांपासून २२६ अंश ४० कलांपर्यंत असतो. आकाशाकडे पाहून तिथी कळते, कारण चंद्राची कोर लहान-मोठी होताना दिसते. नक्षत्रही दिसतं. योग मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त गणितातून भेटतो. अशा एका न दिसणाऱ्या बेरजेला आपल्या पूर्वजांनी नावं दिली, तिची शुभाशुभता ठरवली आणि रोजच्या जगण्यात तिला जागा दिली, हेच केवढं विलक्षण आहे.

एक लाख सदतीस हजार वर्षं?

आता दुर्मीळपणाचा हिशेब मांडू. भाद्रपद वद्य षष्ठी दरवर्षी एकदा येते. ती मंगळवारी येण्याची शक्यता सातात एक. चंद्र रोहिणीत असण्याची सत्तावीसात एक. योग व्यतीपात असण्याची सत्तावीसात एक. सूर्य हस्तात असण्याची पुन्हा सत्तावीसात एक. सगळ्यांचा गुणाकार केला तर उत्तर येतं १,३७,७८१. म्हणजे एवढ्या वर्षांत कपिलाषष्ठी एकदा! मग ती कुणी पाहायची आणि कपिला गाय कुणी दान करायची?

हा गुणाकार चुकतो, आणि तो जिथे चुकतो तिथेच या विषयातलं खरं सौंदर्य आहे. सहाही गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत असं आपण धरलं. पण त्या जुन्या घड्याळातल्या दातेरी चाकांसारख्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक फिरलं की दुसरं फिरणारच.

शाळेतलं बीजगणित आठवा. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी ठाऊक असली की त्या दोन्ही संख्या सापडतात. इथे षष्ठी म्हणजे वजाबाकी आणि व्यतीपात म्हणजे बेरीज. दोन्ही एकदम ठरल्या की सूर्य आणि चंद्र यांच्या जागा आपोआप ठरतात. उदाहरण सोडवून पाहिलं तर सूर्याची जागा १६० अंश ४० कलांपासून १७३ अंश २० कलांपर्यंतच येऊ शकते. आणि हस्त नक्षत्र कुठे आहे? १६० अंशांपासून १७३ अंश २० कलांपर्यंत. भाद्रपदातल्या वद्य षष्ठीला व्यतीपात असेल तर सूर्य हस्तात असणारच, त्याला दुसरी वाटच नाही. या समीकरणाचं आणखी एक उत्तर निघतं, पण ते वर्षाच्या दुसऱ्या टोकाला, वसंतात पडतं. भाद्रपद म्हटल्याबरोबर ते गळून जातं.

चंद्राचंही तसंच. त्याची जागा ४६ अंश ४० कलांपासून ५९ अंश २० कलांपर्यंत येते. रोहिणीचा विभाग ४० अंशांपासून ५३ अंश २० कलांपर्यंत. म्हणजे चंद्र रोहिणीच्या उत्तरार्धात किंवा मृगाच्या आरंभी असतो, दुसरीकडे कुठेही नसतो. सत्तावीसात एक वाटणारी शक्यता पाहता पाहता दोनात एकच्या आसपास येऊन ठेपली.

ज्यांनी ही सहा अंगं पहिल्यांदा एकत्र गुंफली त्यांच्यापुढे कागदी आलेख नव्हते. तरीही त्यांनी निवडलेल्या अटी एकमेकींना घट्ट धरून बसतात. हस्त आणि व्यतीपात यांच्या वरच्या सीमा तर नेमक्या एका बिंदूवर येतात. हा योग भावनेच्या भरात कुणी रचलेला नाही. आकाशाच्या हालचाली ज्यांच्या बोटांवर होत्या अशा माणसांनी तो रचला आहे.

अधिक महिन्याची कृपा

मग दुर्मीळपणा येतो कुठून? दोन गोष्टींतून. पहिली म्हणजे भाद्रपद उशिरा यावा लागतो.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचं. त्यामुळे आपले सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात आणि तीनेक वर्षांत एक अधिक महिना घालून त्यांना पुन्हा जागेवर आणलं जातं. भाद्रपद वद्य षष्ठीला सूर्य साधारण १४० ते १७० अंशांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आपल्याला तो १६० च्या पुढे हवा आहे. तसं होतं ते बहुतेक वेळा त्याच वर्षी, ज्या वर्षी भाद्रपदाच्या थोडं आधी अधिक महिना येऊन गेलेला असतो आणि त्यानं सगळे सण पुढे ढकललेले असतात.

मराठीनं या अधिक महिन्याला एका कटू म्हणीत बसवलं आहे: दुष्काळात तेरावा महिना. धान्य संपलेलं, त्यात वर्षही लांबलेलं. संकटावर संकट. आणि तोच तेरावा महिना नसता तर कपिलाषष्ठीचा योग जवळपास आलाच नसता! आपल्या भाषेतलं परम दुर्दैव आणि परम भाग्य एकाच खगोलीय कारणातून उगवलं आहे. मला तरी दुसऱ्या कोणत्याही शब्दजोडीत इतकं मोठं नवल सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वार. तिथी, नक्षत्र, योग यांची मुळं आकाशात आहेत. सात दिवसांच्या आठवड्याचं मूळ सूर्य-चंद्राच्या कोणत्याही फेऱ्यात नाही. वार आपल्याच गतीनं, कुणाकडे न बघता, चालत राहतो. तो कुणाशी बांधलेला नाही, म्हणून कुणाला बधतही नाही. पाच अंगं जुळवून आकाश तयार असतं आणि नेमका मंगळवार नसतो.

याचं ताजं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात येऊन गेलं. २०२३ साली श्रावण अधिक होता. तो एकोणीस वर्षांनी आला म्हणून वर्तमानपत्रांतून चर्चाही झाली होती. त्यामुळे गणपती उशिरा आले, पितृपक्ष उशिरा आला. ४ ऑक्टोबर २०२३ या दिवशी भाद्रपद वद्य षष्ठी होती. सूर्य हस्तात १६७ अंशांच्या आसपास, चंद्र रोहिणीत, आणि सकाळी सातच्या आधीच व्यतीपात लागलेला. संध्याकाळपर्यंत ही सगळी अंगं एकत्र होती. फक्त तो दिवस बुधवार होता. एका दिवसानं कपिलाषष्ठी हुकली.

आता एकोणीस वर्षं मागे जाऊ. २००४ सालीही श्रावण अधिक होता. त्या वर्षीही भाद्रपद वद्य षष्ठी ४ ऑक्टोबरलाच आली. सकाळी रोहिणी होती, व्यतीपात होता, सूर्य हस्तात होता. वार? सोमवार.

एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य जवळपास त्याच जागी परत येतात, कारण १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी, सुमारे ६,९४० दिवसांची आहे. पण या दिवसांना सातानं भाग जात नाही, दोन-तीन दिवस उरतात. म्हणून २००४ चा सोमवार २०२३ मध्ये बुधवार झाला, आणि मधला मंगळवार ओलांडला गेला. दोन्ही वेळा आकाश जय्यत तयार, आणि दोन्ही वेळा वारानं हुलकावणी दिली.

ढोबळ हिशेब करून पाहिला तर वाराखेरीजची अंगं तीन-चार वर्षांत एकदा काही काळ तरी एकत्र येतात. त्यात मंगळवार सातात एकदा, म्हणजे पंचवीसेक वर्षं झाली. हे सगळं दिवसाउजेडी, सूर्य वर असताना जुळावं असं धरलं तर हा आकडा पन्नास वर्षांच्या आसपास जातो. लोकांच्या तोंडी “साठ वर्षांनी येणारा योग” असं असतं. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचा फेरा आपल्याकडे पूर्ण मानतात, माणसाची षष्ट्यब्दीही त्याच मापानं करतात. साठ म्हणजे एका जाणत्या माणसाचं आयुष्य. कपिलाषष्ठी ठरावीक अंतरानं येत नाही, पण हे माप मात्र अगदी नेमकं निवडलेलं आहे: लाख वर्षांत एकदा येईल असं नाही, दरवर्षी मिळेल असंही नाही, माणसाला आयुष्यात एकदा भेटेल, तोही तयारीत असेल तर.

चार अंशांचा वाद

या योगाचं मोजमाप करणाऱ्यांची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि ज्या-कोज्यांच्या कोष्टकांशिवाय ग्रहांची गणितं करण्याची रीत दिली. पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगं त्याच्यावर बेतली गेली. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी पंचांगशोधनाचं काम हाती घेतलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या वेधांवर आधारलेली गणितं दिली.

त्यांच्यातला मोठा वाद होता तो मेष राशीचा आरंभ नेमका कुठे धरायचा याचा. चित्रा ताऱ्याला प्रमाण मानणारा एक पक्ष, रेवतीच्या ताऱ्याला मानणारा दुसरा. लोकमान्य टिळक या दुसऱ्या पक्षाचे. दोघांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. आता गंमत पाहा. तिथी ही वजाबाकी असल्यामुळे आरंभबिंदू कुठेही धरला तरी तिथी बदलत नाही. दोन्हीकडचे चार-चार अंश कापले जातात. योग ही बेरीज असल्यामुळे चाराचे आठ होतात. म्हणजे चतुर्थी-एकादशीवर दोन्ही पंचांगांचं एकमत असतं, पण व्यतीपात कधी लागतो यावर अर्ध्या दिवसाहून मोठा फरक पडू शकतो. एका पंचांगाची कपिलाषष्ठी दुसऱ्या पंचांगात नुसती षष्ठी ठरू शकते. दैवी वेळ ओळखायला सुद्धा माणसाला आधी एक बिंदू ठरवावा लागतो, आणि तो ठरवण्यासाठी आपल्याकडची तल्लख माणसं वर्षानुवर्षं भांडली. त्या भांडणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अशुभांची मांदियाळी

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या सहा अंगांकडे निरखून बघा.

भाद्रपदाचा वद्य पक्ष म्हणजे पितृपक्ष. या पंधरवड्यात घरात मंगलकार्य काढत नाहीत, नवी खरेदी टाळतात, षष्ठीला षष्ठीचं श्राद्ध असतं. मंगळवार हा उग्र ग्रहाचा वार. लग्न-मुंज ठरवताना तो पुष्कळ घरांत वगळतात. आणि व्यतीपात तर शुभकार्याला वर्ज्यच. इतका वर्ज्य की खोडकर, कुणाला न आवरणाऱ्या पोरालाही मराठीत “नुसता व्यतीपात आहे!” म्हणतात. एकेकट्यानं ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा तीन गोष्टी एकत्र आल्या, त्यांना रोहिणीचा चंद्र आणि हस्ताचा सूर्य मिळाला, आणि त्यातून भाषेतली सर्वांत भाग्याची वेळ तयार झाली.

शास्त्राचा यातला विचार साधा आहे. लग्न, वास्तू, व्यापार यांसाठी, म्हणजे आपल्याला काही मिळावं म्हणून जे करायचं, त्यासाठी हे दिवस नाहीत. स्नान, दान, पितरांचं स्मरण यांसाठी, म्हणजे आपण काही द्यावं म्हणून जे करायचं, त्यासाठी मात्र हेच दिवस मोलाचे. कपिलाषष्ठीचं भाग्य देणाऱ्याचं आहे. पौषातल्या अमावास्येला रविवार, श्रवण नक्षत्र आणि व्यतीपात जुळले की होणारा अर्धोदय योगही याच जातीचा, तोही स्नान-दानाचा. आपण हा वाक्प्रचार वापरतो तेव्हा “काहीतरी छान मिळालं” एवढंच म्हणायचं असतं. मुळात त्याचा अर्थ, सढळपणे देण्याची क्वचित मिळणारी संधी, असा होता. ते कळल्यावर पंगतीत वाढता वाढता कुणी तो उच्चारणं फारच शोभून दिसतं.

मुहूर्त काढतात, योग येतो

शुभ वेळेसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांच्या क्रियापदांकडे लक्ष दिलं की त्यांचे दोन गट पडतात. मुहूर्त आपण काढतो, धरतो, गाठतो, साधतो. कधी तो टळतो. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. तो मोजायला घटिकापात्र असायचं: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती चोवीस मिनिटांत भरून बुडली की एक घटका झाली. “घटका भरली” हे शब्द तिथूनच आले. मुहूर्तावर माणसाचा हात असतो.

योग मात्र कुणी काढत नाही. योग येतो, असतो, जुळून येतो. “काशीला जायचा योग आला नाही,” असं म्हातारी म्हणते, तेव्हा त्यात तक्रार नसते आणि कमीपणाही नसतो. पैसे होते, इच्छा होती, सोबतही होती. पण सगळं एका वेळी नव्हतं. योग या शब्दाचा अर्थच जोडणं. सुटं सुटं सगळं असून भागत नाही, ते एकत्र यावं लागतं, हा अनुभव त्या छोट्या शब्दात साठवलेला आहे.

त्याच्या शेजारचे शब्दही जपून वापरण्यासारखे आहेत. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींत विरघळल्या की दुग्धशर्करा योग. दोघांनी एकमेकांची शोभा वाढवली की मणिकांचन योग. डोळ्यांचं, कानांचं पारणं फिटावं अशी संधी आली की पर्वणी. हाही शब्द पंचांगातून, पर्वकाळातून आलेला, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला गुरू सिंह राशीत असताना होणाऱ्या सिंहस्थ स्नानांना आजही पर्वणीच म्हणतात. सहज बोललेलं खरं झालं की बोलाफुलाला गाठ पडली. आणि दोन घटना एका वेळी घडल्या पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे सांगायचं असेल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

ही शेवटची म्हण आणि कपिलाषष्ठीचा योग या दोघांच्या मधली जागा फार अर्थपूर्ण आहे. कावळ्याच्या म्हणीत भाषा आपल्याला बजावते: उगाच संबंध जोडू नकोस. कपिलाषष्ठीत ती म्हणते: जुळून आलंय ते ओळख आणि वाया घालवू नकोस. एकाच समाजाला दोन्ही शहाणपणं हवी होती आणि त्यानं दोन्हींसाठी शब्द घडवले.

म्हणून मला वाटतं, नुसत्या दुर्मीळ गोष्टीला कपिलाषष्ठी म्हणू नये. धूमकेतू दिसला तर ती पर्वणी. लॉटरी लागली तर ते नशीब. पण बरीच माणसं, बऱ्याच गोष्टी, आपापल्या वाटेनं आणि आपापल्या वेगानं चाललेल्या. त्यांतल्या काही तर एरवी अडचणीच्या वाटणाऱ्या. आणि त्या सगळ्या कुणी हुकूम न सोडता एका दिवशी एका ठिकाणी आल्या, तर तो कपिलाषष्ठीचा योग. भूलतज्ज्ञ, शल्यविशारद, रक्तगट जुळणारा दाता आणि वेळेत पोहोचलेली रुग्णवाहिका एकाच रात्री हजर असली आणि एक जीव वाचला, तर तिथे हा शब्द शोभतो. आणि त्या प्रत्येकानं आधी वर्षानुवर्षं आपलं काम चोख केलेलं असतं, म्हणूनच तो योग साधतो. वेळ देवानं आणली असं म्हणताना या माणसांचा वाटा कमी होत नाही. आकाशातली सहा अंगंही आपापली चाल न चुकता चालतात, तेव्हाच कधीतरी भेटतात.

आता तुम्ही स्वतः हा योग शोधू शकता. ज्या वर्षी चैत्रापासून श्रावणापर्यंतचा एखादा महिना अधिक असेल, त्या वर्षी कॅलेंडर उघडून भाद्रपद वद्य षष्ठीची चौकट बघा. रोहिणी आणि व्यतीपात ही नावं तिथे बरेचदा भेटतील. त्या रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला उगवणारा चंद्र आणि त्याच्या आसपास रोहिणीचा तांबूस तारा घरच्या मुलांना दाखवा. त्यासाठी मंगळवारच हवा असं नाही. वाराची चौकट मात्र जरूर पाहा, आणि तिथे मंगळवार निघाला तर त्या दिवशी कुणाला काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा.